कमरीपेठेचा राष्ट्रपती

भारताचा राष्ट्रपती निवडणारी माणसं २०२२ साली ४,८०९ होती : ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार. त्यांतलं आमच्या गल्लीत कुणीही राहत नाही. म्हणूनच त्या वर्षीच्या जुलैत ही निवडणूक हुबळीच्या कमरीपेठेत जितक्या मोकळ्या मनाने लढली गेली, तितकी दिल्लीतही लढली गेली नसेल. ज्याच्या मताला किंमत असते त्याला बोलताना मागेपुढे पाहावं लागतं. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही. दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता भिंतीला भिंत लागून राहतो, त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं असतं, आणि नळाची तक्रार शेवटी जो निवडून येईल त्याच्याकडेच न्यायची असते. २०२१ साली हुबळी-धारवाडच्या ८२ वॉर्डांत भाजपला ३९ आणि काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या, तेव्हा सगळी पेठ ‘आम्हाला आधीच ठाऊक होतं’ म्हणाली. काय ठाऊक होतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. राष्ट्रपतीचं तसं नाही. तो नळाला पाणी सोडत नाही.

कमरीपेठ जुन्या हुबळीतली. दाजीबानपेठ, दुर्गदबैल सगळं चालत जाण्याइतकं. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची, म्हणजे ज्यांच्या सावजी खानावळींनी हुबळीची जीभ पोळली त्यांची, घरं इथे बरीच. त्यांची घरातली बोली निराळी. मराठी घरं आहेत, कन्नड आहेत, दखनी बोलणारी आहेत. कट्ट्यावरचं भांडण बहुधा कन्नडमध्ये सुरू होतं, मराठीत तापतं आणि हिंदीत मिटतं. हिशेबाची वेळ आली की मात्र जो तो आपल्या आईच्या भाषेत आकडे मोजतो. हे लक्षात असू द्या, पुढे मतमोजणीत लागेल.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. सकाळी कट्ट्यावर एकाच्या हातात बेळगावचा ‘तरुण भारत’, दुसऱ्याच्या हातात ‘संयुक्त कर्नाटक’, आणि मध्ये बाय-टू चहा. दोन्ही पेपरांत द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांचे फोटो. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटरकाका म्हणाले, “सगळं खरं ओ, पण आपल्याला कुणी विचारलंय काय?”

कुणी विचारलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर पेठेला एकदम अपमान वाटू लागला. पंचाहत्तर वर्षांत राष्ट्रपती निवडायला आपल्याला एकदाही बोलावलं नाही! तेव्हा ठरलं की १८ जुलैला, दिल्लीत मतदान होईल त्याच दिवशी, कमरीपेठेनेही आपला राष्ट्रपती निवडायचा. नियम सगळे खरे, उमेदवार फक्त आपले. एकच अट : चालू राजकारणातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. ही अट गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी घातली, रक्तदाबाचं कारण सांगून.

खऱ्या निवडणुकीत लोकसभा आणि राज्यसभा यांचे महासचिव पाळीपाळीने निवडणूक अधिकारी होतात. आमच्याकडे तो मान निवृत्त मुख्याध्यापिका अक्कांना गेला, आणि तिथेच आमचा घात झाला. आम्हाला वाटलं होतं, बाई दोन चिठ्ठ्या मोजतील आणि गिरमिट खाऊन घरी जातील. अक्कांनी नातवाच्या फोनवरून राष्ट्रपती निवडणुकीची नियमावली काढली, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. आमच्या शाळेत त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं होतं. इतकी वर्षं कुणी शंका विचारली नव्हती, ती सगळी वसुली त्या जुलैत झाली.

पहिलं भांडण मतदारयादीचं. पेठेतल्या घरांची तयार यादी कुणाकडे? तर दूधवाल्याकडे. त्याच्या वहीत घरटी नोंद होती, म्हणून तीच वही मतदारयादी मानली. यादी भिंतीवर लागल्या लागल्या नंदिनी दुधाचं पाकीट घेणारी सगळी घरं रस्त्यावर आली. त्यांचं नाव वहीत असायचं कारणच नव्हतं. कट्ट्यावरच्या वकीलसाहेबांनी शांतपणे सांगितलं की या चुकीला मोठी परंपरा आहे. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या मासिकाने अध्यक्षाच्या निवडणुकीची अशीच लुटुपुटूची मतपत्रिका काढली होती. जवळजवळ एक कोटी लोकांना पाठवली, वीस लाखांवर परत आल्या, आणि मासिकाने छातीठोकपणे लिहिलं की रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. मासिकाने पत्ते काढले होते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन होता तो रूझवेल्टवर आधीच चिडलेला होता. मासिक दोन वर्षांत बंद पडलं. “म्हणजे रतिबाचं दूध घेणारे सगळे एकाच विचाराचे असतात?” असं पाकीटवाल्यांनी विचारलं. अगदी तसं नाही, पण दूधवाल्याच्या वहीत ज्यांची बाकी थकलेली होती ती नावंही गळाली होती. म्हणजे आमच्या यादीत फक्त वेळेवर पैसे देणारे नागरिक उरले होते. अशा यादीवर कुठलीच लोकशाही चालत नाही. पाकीटवाले आत आले, बाकीवालेही आले.

आता मतांच्या किमतीकडे येऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पेठही तिथेच आठवडाभर रेंगाळली.

राष्ट्रपती निवडताना सगळ्यांचं मत सारखं नसतं, हे आमच्यापैकी बहुतेकांना अक्कांकडून पहिल्यांदा कळलं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येने भागायची, पुन्हा हजाराने भागायची; येईल ती आमदाराच्या मताची किंमत. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं. महाराष्ट्राचं १७५, गोव्याचं २०, आपलं कर्नाटकाचं १३१. खासदाराचं मत २०२२ साली ७०० चं झालं. आधी ते ७०८ होतं, पण जम्मू-काश्मीरची विधानसभाच नव्हती, म्हणून आठाने उतरलं.

१७५ आणि १३१ हे आकडे ऐकताच वकीलसाहेब ताठ झाले. हुबळी १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत मुंबई राज्यात होती. दुसऱ्या दिवशी ती म्हैसूर राज्यात गेली. “म्हणजे राज्य पुनर्रचनेत आमचं एका मतामागे चव्वेचाळीसचं नुकसान झालं की नाही?” सीमाप्रश्नाचा इतका नेमका हिशेब आजवर कुठल्या आयोगाने मांडला नसेल. गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या मुलाने हळूच सांगितलं की हुबळी तिकडे राहिली असती तर दोन्हीकडचे आकडे बदलले असते. त्याला सुम्न, म्हणजे गप, बसायला सांगण्यात आलं.

पण खरी गंमत पुढे होती. ही लोकसंख्या आजची नव्हे, १९७१ च्या जनगणनेची धरतात. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांना त्याची शिक्षा होऊ नये, म्हणून घटनादुरुस्ती करून आकडे गोठवले, पुढे त्याला मुदतवाढ दिली, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत हाच हिशेब चालायचा आहे. अक्का म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. पेठेतही १९७१ सालीच घरात किती माणसं होती ते मोजायचं आणि आज त्या घरात जितके मतदार आहेत त्यांनी भागायचं.

पेठेत एकदम उलथापालथ झाली. कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीत सगळ्यांत जास्त मतदार, पण १९७१ साली ती इमारतच नव्हती. तिथे तेव्हा लाकडाची वखार होती. शून्याला काहीही केलं तरी शून्यच येतं. फ्लॅटमधली सगळी तरणी मंडळी एका भागाकारात मताधिकाराला मुकली. आणि समोरचा जुना वाडा, ज्याची मागची पडवी खचलेली, जिथे संध्याकाळी एकच दिवा दिसतो, त्या वाड्यात १९७१ साली सव्वीस माणसं होती. आज दोन उरलीत. आजोबांचं मत तेरा, आजींचं मत तेरा. सगळ्या पेठेत एवढी श्रीमंती कुणाकडे नव्हती.

आजी ही बातमी ऐकून आधी लाजल्या. मग त्यांनी विचारलं, “ही तेरा माझी एकटीची, की आमच्या घरातल्या गेलेल्यांची?” अक्कांनी सांगितलं, किंमत गेलेल्यांची, मत तुमचं. हे काही आजींना पटेना. त्या बोटं मोजू लागल्या. थोरले दीर पुण्याला गेले, त्यांची मुलं तिकडचीच झाली. धाकटी जाऊ बेंगळुरूला लेकीकडे. सासरे होते तेव्हा घरातली सगळी मतं तेच ठरवायचे. मधले दीर मतदानालाच जायचे नाहीत, दर वेळी पावसाचं निमित्त सांगायचे, उन्हाळ्यातसुद्धा. “मग त्यांचं एक मत कोरं ठेवू?” असं आजींनी विचारलं. अक्का म्हणाल्या, कर्नाटकाच्या आमदाराला १३१ मतं वाटून देता येत नाहीत, तुम्हालाही तेरा वाटून देता येणार नाहीत. आजी म्हणाल्या, “आमदाराच्या घरात एवढी माणसं नसतील.” अक्कांनी त्यावर नियमावलीत काही आहे का ते पाहिलं. नव्हतं.

शेवटी फ्लॅटवाल्यांशी तह झाला. त्यांना खासदार मानायचं आणि प्रत्येकाला सात किंमत द्यायची. वाडा म्हणजे उत्तर प्रदेश, फ्लॅट म्हणजे दिल्ली, आणि आम्ही बाकीचे एक-दोन-तीनवाले ईशान्य भारत.

उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात झाली तसा आणखी एक प्रश्न उभा राहिला. मेलेला माणूस उमेदवार होऊ शकतो का? घटनेत पस्तीस वर्षं पूर्ण हवीत असं आहे. वरची मर्यादा नाही. लाभाचं पद नसावं असं आहे. फिटरकाकांचं म्हणणं पडलं की या कसोटीला मेलेल्या माणसाइतका पक्का उमेदवार दुसरा नाही; त्याच्याकडे लाभाचं काहीच नसतं. बायकांच्या बाजूने सुधा मूर्तींचं नाव आलं होतं. शिग्गावचा जन्म, हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात इंजिनिअरिंग, म्हणजे घरचाच माणूस. पण अर्जावर उमेदवाराची लेखी संमती लागते, आणि संमती आणायला जायचं कुणी? अक्कांनी अर्ज फेटाळला. जिवंत माणूस नाही म्हणू शकतो. मेलेल्याने आजवर नकार कळवलेला नाही, म्हणून त्यांचे अर्ज वैध.

हा निर्णय हास्यास्पद वाटेल, पण याला पुरावा आहे. २०१२ साली ममता बॅनर्जींनी अब्दुल कलामांसाठी फेसबुकवर मोहीम उघडली, लोकांनी भराभर ‘होय’ म्हटलं, आणि खुद्द कलामांनी नको म्हणून सांगितलं. तिथेच सगळं संपलं. कमरीपेठेत २०२२ साली कलामांचा अर्ज फ्लॅटवाल्यांनी भरला, तेव्हा त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. स्वतः कलामही नव्हते. “ते तर एकदा होऊन गेले,” अशी हरकत आली. फेरनिवडणूक घटनेला चालते, राजेंद्रप्रसाद दोनदा झाले, असं अक्कांनी सांगितलं.

वकीलसाहेबांचे उमेदवार चिंतामणराव देशमुख. हे त्यांचं जुनं दुखणं आहे. १९६९ ची निवडणूक निघाली की वकीलसाहेब चहा थंड होऊ देतात. त्या वर्षी जुलैत बंगळूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथे पक्षश्रेष्ठींनी नीलम संजीव रेड्डींचं नाव पुढे केलं. इंदिराबाईंना ते नको होतं. व्ही. व्ही. गिरी उभे राहिले आणि मग ‘सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या’ हा मंत्र आला. रेड्डी आणि गिरी सगळ्यांना आठवतात. तिसरे सी. डी. देशमुख होते, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर, हे कुणाला आठवत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून निघालेला माणूस. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. बहुमत कुणालाच नाही. मग मागचे उमेदवार एकेक करून बाद केले, देशमुखही बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती वाटली, आणि गिरी ४,२०,०७७ वर पोचले. रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरला तो तेवढ्या एकाच वेळी. “निवडणूक देशमुखांनी ठरवली,” वकीलसाहेब म्हणतात, “आणि हरलेही तेच.” या वेळी तो अन्याय धुऊन काढायचा होता.

जमखंडीहून येऊन इथे स्थायिक झालेल्या कापडवाल्या शेटजींनी बी. डी. जत्तींचा अर्ज भरला. जत्ती त्यांच्या तालुक्यातले, सावळगीचे. कोल्हापुरात वकिली शिकलेले, म्हैसूरचे मुख्यमंत्री, मग उपराष्ट्रपती. फक्रुद्दीन अली अहमद वारले तेव्हा ११ फेब्रुवारी १९७७ पासून २५ जुलैपर्यंत हंगामी राष्ट्रपती. आपल्या मुलखातला माणूस त्या खुर्चीवर बसला तो तेवढाच, पाच महिने. शेटजींचं म्हणणं एकच : “हंगामी हा शब्द काढून टाकायचाय ओ.” मी त्यांना आठवण दिली की त्याच पाच महिन्यांत नऊ विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर सही करायला जत्तींनी एक दिवस घेतला होता, त्यावरून केवढा गदारोळ झाला. शेटजी म्हणाले, “कागद वाचायला वेळ लागतो. मीसुद्धा बिल वाचल्याशिवाय सही करत नाही.” या उत्तरावर माझं मत जवळजवळ जत्तींकडे गेलं होतं.

फिटरकाकांच्या उमेदवार गंगूबाई हनगल. त्यांचा मुद्दा राजकीय नव्हताच. बाई सवाई गंधर्वांकडे गाणं शिकायला हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जायच्या, म्हणजे त्या मुळात रेल्वेच्या. शिवाय तो आवाज. २५ जानेवारीच्या रात्री राष्ट्राला उद्देशून भाषण होतं, ते त्या आवाजात ऐकल्याची कल्पना करा, असं ते म्हणाले आणि कट्ट्यावर एक क्षण कुणी बोललं नाही. प्रचार याला म्हणतात.

पाचवा अर्ज गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने स्वतःचा भरला. तो एकटाच जिवंत उमेदवार, आणि संमतीही जागच्या जागी. राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. तिथले पडदे कोण इस्त्री करतं हा त्याच्या जाहीरनाम्यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न. लोक हसले. पण अशा माणसांचा या निवडणुकीशी संबंध फार जुना आहे. १९६७ साली राष्ट्रपतिपदाला सतरा उमेदवार होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. अर्ज भरणं तेव्हा फार सोपं होतं. १९७४ साली दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार अनामत आली. १९९७ साली ती पन्नास, पन्नास आणि पंधरा हजार झाली. तरी मध्ये १९९२ साली काका जोगिंदरसिंग ऊर्फ धरतीपकड मतपत्रिकेवर पोचलेच, आणि १,१३५ मूल्याची मतं घेऊन हरले. आपल्या कर्नाटकात ‘होट्टे पक्ष’, म्हणजे पोटाचा पक्ष, काढून ऐंशीहून जास्त निवडणुका हरलेले रंगस्वामी होऊन गेले. मला ही माणसं आवडतात. हरण्याची खात्री असताना जो अर्ज भरतो त्याच्याइतका निवडणुकीवर विश्वास जिंकणाऱ्याचाही नसतो. आम्ही अनामत पंधरा रुपये ठेवली होती. ती रोख भरणारा इस्त्रीवाला एकटाच.

मतदानाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना वाटलं, हे जरा जास्त होतंय. लुटुपुटूच्या निवडणुकीसाठी एवढा जीव कशाला आटवायचा? त्यांना अक्कांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. अक्कांनी कित्येक वर्षं मतदान केंद्रावर ड्यूटी केलेली. त्या म्हणाल्या, खऱ्या निवडणुकीच्या दिवशीसुद्धा पहिली निवडणूक लुटुपुटूचीच असते. मतदार येण्याआधी, पहाटे, पक्षांच्या एजंटांसमोर यंत्रावर कमीत कमी पन्नास मतं टाकतात, सगळ्या उमेदवारांना, ‘नोटा’लासुद्धा. मोजतात, जुळतात का पाहतात, आणि मग सगळं पुसून यंत्र कोरं करतात. व्हीव्हीपॅटच्या त्या चिठ्ठ्यांवर ‘मॉक पोल’ असा शिक्का मारून काळ्या पाकिटात सीलबंद करतात. घाईत कुणी पुसायला विसरलं तर ती पन्नास मतं दिवसभराच्या मतांत मिसळून बसतात आणि मग मतमोजणीच्या दिवशी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना घाम फुटतो. “खोटं मत नीट टाकलं नाही तर खरं मोजता येत नाही,” असं म्हणून अक्का पेन आणायला गेल्या.

या पेनने आमचा घात केला. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत बटण नसतं. मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, आणि तोही आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच. २०१६ साली हरियाणात राज्यसभेच्या वेळी वेगळ्या पेनमुळे मतं बाद झाली, तेव्हापासून ही खबरदारी आहे. स्वतःचं पेन वापरलं की मत गेलं. अक्षरात लिहिलं की मत गेलं. आकडा मात्र कुठल्याही भारतीय लिपीतला चालतो. अक्कांनी एक जांभळं पेन आणलं, टेबलावर ठेवलं आणि नियम मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही सगळे माना डोलावत ऐकत होतो, जसे शाळेत ऐकायचो.

१८ जुलैला पाऊस होता, तरी मतदान भरघोस झालं. वाड्यातले आजोबा रेशमी काठाचं धोतर नेसून आले. आजींनी पेन हातात घेऊन बराच वेळ विचार केला. २१ तारखेला दिल्लीत मोजणी होती, आमचीही त्याच दिवशी. पहिल्या अर्ध्या तासातच मतपत्रिकांचा एक मोठा गठ्ठा बाद झाला. निळ्या शाईच्या बाद, कारण बहुतेकांच्या खिशाला पेन होतं आणि रांगेत थांबायला वेळ नव्हता. ‘ओंदु’, ‘एक’, ‘पहिला नंबर’ असं लिहिलेल्या बाद. बरोबरच्या खुणा केलेल्या बाद. एकाने उमेदवारांना दहापैकी मार्क दिले होते, तेही बाद. लोक चिडले, तेव्हा अक्कांनी दिल्लीची कोरी करकरीत बातमी वाचून दाखवली : तिकडेही ५३ मतं बाद झाली होती, त्यांत १५ खासदार. २०१७ साली तर ७७. हे ऐकून पेठेचा राग शांत झाला. आपण खासदारांइतके शिकलेले आहोत याचं एक समाधान असतं.

मग तो मघाचा आकड्यांचा प्रश्न आला. कन्नड एक हा गोल असतो, पायाशी जरासा उघडा. घाईत लिहिला की तो मिटतो. वाड्यातल्या आजी कन्नड शाळेत शिकलेल्या. त्यांनी गंगूबाईंपुढे आपला एक काढला आणि तो पूर्ण मिटला. फ्लॅटमधल्या मुलांनी आरडाओरडा केला : “आजींनी गंगूबाईंना शून्य दिलंय!” तेरा मतांचा प्रश्न होता. आजींना विचारता येत नव्हतं, मतदान गुप्त. अक्कांनी मतपत्रिका उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सरळ केली. शेवटी फिटरकाका म्हणाले, ज्याला मत द्यायचं नाही त्याच्यापुढे शून्य काढायला कोण कशाला जाईल? एक वैध ठरला.

पहिल्या फेरीत कलाम पुढे, गंगूबाई अगदी मागोमाग, मग देशमुख, मग जत्ती. बहुमत कुणालाच नाही. इस्त्रीवाल्याला शून्य. हे खरं शून्य होतं. त्याला विचारलं, तू स्वतःलासुद्धा दिलं नाहीस? तो म्हणाला, “स्वतःलाच मत द्यायचं बरं दिसत नाही की ओ. मी गंगूबाईंना दिलं.” तो बाद, मग जत्ती बाद, आणि तरीही बहुमत होईना. अक्कांनी तिसरा गठ्ठा उचलला. वकीलसाहेब उभे राहिले. देशमुख दुसऱ्यांदा बाद झाले, त्यांची दुसरी पसंती पुन्हा एकदा वाटली गेली, आणि गंगूबाई हनगल कमरीपेठेच्या राष्ट्रपती झाल्या. २१ जुलै. २००९ साली त्या गेल्या, तीही तारीख हीच.

फ्लॅटवाले ऐकेनात. ही निवडणूक रद्द करा, पेठेत राष्ट्रपती राजवट लावा, अशी त्यांनी घोषणा दिली. राष्ट्रपती निवडायच्या निवडणुकीत राष्ट्रपती राजवट कुणी लावायची, हे त्यांनाही सांगता येईना. पण वकीलसाहेब आता दुःखातून बाहेर आले. राष्ट्रपती राजवट लावायची असेल तर हुबळीत ते बोलू नका, असं ते म्हणाले. एस. आर. बोम्मई हुबळी ग्रामीणचे आमदार. १९८९ च्या एप्रिलमध्ये त्यांचं कर्नाटकातलं सरकार बहुमत नाही म्हणून बरखास्त केलं, त्यांना सभागृहात बहुमत सिद्धही करू दिलं नाही. ते कोर्टात गेले आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगून टाकलं की बहुमताचा फैसला सभागृहातच व्हायला हवा, राजभवनात नव्हे. “आपलं सभागृह म्हणजे हा कट्टा. या उद्या सकाळी, चहाचे पैसे घेऊन.” कुणी आलं नाही.

शपथविधीची अडचण अक्कांनीच लक्षात आणून दिली. शपथ घ्यायला उमेदवार हजर हवा. राष्ट्रपतिपद मृत्यूमुळे रिकामं असेल तर उपराष्ट्रपतीने कारभार बघायचा आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यायची. उपराष्ट्रपती कोण, यावर मतदान घ्यायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. अनुभव पाहून तो मान एकमताने जत्तींना दिला. ते हंगामी राष्ट्रपती झाले, पुन्हा एकदा. शेटजींनी कपाळावर हात मारला, पण मिरची भजी त्यांच्याच खर्चाने आली.

ते सहा महिने कधीच उलटून गेले. नवी निवडणूक झालेली नाही, त्यामुळे आमच्या पेठेचा कारभार आजही बेकायदा चालू आहे. खरी निवडणूक २०२७ च्या जुलैत आहे. तेव्हा तुमच्या पेठेत अशी लुटुपुटूची घ्यायचं मनात असेल तर मतदारयादी दूधवाल्याच्या वहीवरून करू नका, निवडणूक अधिकारी दुसऱ्या गल्लीतला आणा, आणि पेन टेबलाला दोरीने बांधून ठेवा. आमचं अजून परत आलेलं नाही.